घराखाली शूटिंग रेंज बांधायची तर आधी हवेचा हिशेब

माझा मावसभाऊ अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला एका नकाशाचा फोटो पाठवला. घराच्या तळघरातून मागच्या अंगणाखाली जाणारा एक बोगदा: ८ फूट रुंद, ८ फूट उंच, ७५ फूट लांब. काँक्रीटच्या भिंती, शेवटी पोलादी पत्रा आणि त्याच्यामागे वाळू. खाली लिहिलं होतं, ‘घरची पिस्तूल रेंज. बघून सांग.’

दादाने भिंतीची जाडी, सळई, पाण्याचा निचरा, सगळं नीट काढलं होतं. हवेसाठी मात्र शेवटच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ होतं आणि शेजारी शब्द होते, ‘६ इंची पंखा’. न्हाणीघरात लावतात तसला.

माझं काम कारखान्यांतली हवा खेळवण्याचं. पेंट बूथ, फाउंड्री, बॅटरीचे कारखाने. बॅटरीच्या कारखान्यात रक्तातलं शिसं वाढलं म्हणून दुसऱ्या खात्यात हलवलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पोटात कळा, हातापायांत मुंग्या, चिडचिड, विसराळूपणा. म्हणून ते छोटं वर्तुळ पाहून मी त्याला लगेच फोन केला. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण घराखाली रेंज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोळी आणि भिंत एवढंच येतं. गोळी कुठे जाईल हे आपल्याला ठाऊक असतं. धूर कुठे जाईल हे मुद्दाम ठरवावं लागतं.

बार उडतो तेव्हा नेमकं काय होतं ते आधी पाहू. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टिकली असते, तिला प्राइमर म्हणतात. घोड्याचा ठोका बसला की ती पेटते, तिच्यामुळे आतली दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. बहुतेक प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचा शिशाचा स्फोटक क्षार असतो. जळल्यावर त्यातलं शिसं इतक्या बारीक कणांच्या रूपात बाहेर येतं की ते जमिनीवर बसत नाही, धुरासारखं तरंगतं. शिवाय गोळी शिशाची असेल, किंवा वरून तांब्याचं कवच असलं तरी बूड उघडं असेल, तर तापलेले वायू त्या बुडाचंही थोडं शिसं खरवडून नेतात. आणि समोर पोलादावर आपटून गोळीचा चुरा होतो तेव्हा तिसऱ्यांदा शिशाची धूळ उठते.

आता प्रमाण पाहा. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम शिसं, ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. मिठाचा एक बारीक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यातल्या हवेत मिठाच्या एका दाण्याइतकंही शिसं चालत नाही. आणि एका प्राइमरमध्ये शिसं असतं काही मिलिग्रॅम, म्हणजे काही हजार मायक्रोग्रॅम. सराव करणारा माणूस एका बैठकीत शंभर काडतुसं सहज संपवतो. बंद बोगद्यात हा हिशेब कुठे जातो हे सांगायला फार गणित लागत नाही.

शिसं शरीरात गेलं की आधी रक्तात फिरतं. रक्तातून ते महिन्याभरात साधारण निम्मं होतं, पण उरलेल्यातला बराच भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षं राहतो. शरीर त्याला कॅल्शियम समजून साठवतं. गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम सुटतं तेव्हा त्याच्याबरोबर जुनं शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जवळजवळ निम्मं त्यांचं शरीर शोषून घेतं. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२१मध्ये मुलांसाठी लक्ष देण्याची पातळी एक डेसिलिटर रक्तामागे ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि त्याखालीही सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. दादाची मुलगी अकरा वर्षांची आहे. त्याच्या नकाशात बोगद्याचं दार ज्या तळघरात उघडत होतं, तिथेच तिची अभ्यासाची आणि खेळायची जागा होती.

आता मूळ मुद्दा, हवा. पंखा बसवला की धूर जातो अशी आपली समजूत असते. स्वयंपाकघरात ती खरीही ठरते. पण रेंजमध्ये धूर ‘जाणं’ पुरेसं नाही. तो नेमबाजाच्या नाकाशी एक क्षणही न रेंगाळता पुढे जायला हवा. पिचकारीतला दट्ट्या आठवा. तो सरकतो तेव्हा सगळं पाणी एकदम, सरळ पुढे ढकललं जातं, मागे काही उरत नाही. रेंजमधली हवा तशी हलायला हवी. नेमबाजाच्या पाठीमागच्या भिंतीपासून निघावी, त्याच्या खांद्यांवरून, नळीवरून पुढे जावी आणि शेवटच्या टोकाला बाहेर ओढली जावी. यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने फायरिंग लाइनवर, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या रेषेवर, हवेचा वेग मिनिटाला ७५ फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर असावा असं सुचवलेलं आहे. वेग अगदीच कमी वाटतो. गालावर हवा लागतेय की नाही असं वाटावं इतकाच. पण तो बोगद्याच्या सबंध तोंडावर, वरपासून खालपर्यंत, एकसारखा हवा, आणि खर्च तिथेच वाढतो.

दादाच्या बोगद्याचं तोंड ८ फूट गुणिले ८ फूट, म्हणजे सुमारे ५.९ चौरस मीटर. त्याला ०.३८ने गुणलं की सेकंदाला २.२ घनमीटर हवा येते, तासाला जवळजवळ ८,००० घनमीटर. आपल्या स्वयंपाकघरातली चिमणी तासाला हजार-बाराशे घनमीटर ओढते, तशा सात चिमण्या एकाच वेळी पूर्ण जोरात चालू आहेत असं समजा. १० बाय १२च्या खोलीतली सगळी हवा १४ सेकंदांत बदलेल एवढा हा प्रवाह. त्याच्या ६ इंची पंख्याने यातला जेमतेम पंधरावा हिस्सा ओढला असता आणि बोगद्यात हवा सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकली असती. इतक्या संथ हवेला दिशा राहत नाही. माणसाच्या अंगाची ऊब, त्याचा श्वास, हाताची हालचालसुद्धा तिला उलटं फिरवते.

नुसता मोठा पंखा लावूनही भागत नाही. ओढणं सोपं, आत सोडणं अवघड. फुंकर मारून मेणबत्ती विझवता येते, पण श्वास आत ओढून विझवता येत नाही. ओढलेली हवा चारही बाजूंनी येते, फुंकलेली एका दिशेने जाते. म्हणून खरी मेहनत नेमबाजाच्या मागच्या भिंतीवर असते. ती भिंत दुहेरी करतात. पुढच्या पत्र्याला हजारो छोटी भोकं असतात, मागच्या पोकळीत हवा भरते आणि सगळ्या भोकांतून सारखी झिरपत पुढे सरकते. याऐवजी छतात एकच जाळी लावली तर हवा वरून धबधब्यासारखी पडते, नेमबाजाच्या पाठीमागे भोवरा तयार होतो आणि तो भोवरा समोरचा धूर उलट ओढून थेट चेहऱ्याशी आणतो. म्हणजे आकडे कागदावर बरोबर, पंखे पुरेसे मोठे, आणि तरी माणूस शिसं ओढतोय. असल्या चुका मी कारखान्यांत पेंट बूथमध्ये कितीतरी वेळा पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट दाबाची. बाहेर ओढली जाणारी हवा आत सोडलेल्या हवेपेक्षा दहा टक्के जास्त ठेवायची. त्यामुळे रेंजमध्ये घरापेक्षा थोडा कमी दाब राहतो आणि दाराच्या फटीतून हवा घरातून रेंजकडे जाते, उलटी येत नाही. पण यातच एक धोका लपलेला आहे आणि तो थंड प्रदेशातल्या घरांना फार लागू आहे. तिथे तळघरातच घर तापवणारी गॅसवरची भट्टी आणि पाणी तापवायचा बंब असतो. रेंजच्या पंख्याने तळघरातली हवा ओढायला सुरुवात केली, तर बंबाच्या धुराड्यातून वर जाणारा धूर खाली, घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. म्हणून रेंजची हवा पूर्णपणे वेगळी हवी. बाहेरून स्वतःची आत, बाहेर स्वतःची, मध्ये रबरी कडांचं घट्ट दार. आणि तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तो तर रेंज नसली तरी हवाच.

मग येतो मिनेसोटाचा हिवाळा. बाहेर उणे २० अंश, आत निदान २० अंश. सेकंदाला २.२ घनमीटर हवा ४० अंशांनी तापवायची तर साधारण १०० किलोवॅट उष्णता लागते. आपल्याकडचे २ किलोवॅटचे पन्नास गीझर. दादा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. याच जागी माणसाला मोह होतो की तीच हवा गाळून पुन्हा आत सोडावी. ते करता येतं. एकामागोमाग एक फिल्टर, शेवटी हेपा फिल्टर, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण हेपा कण अडवतो, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार होतो, म्हणून थोडी ताजी हवा सतत घ्यावीच लागते. फिल्टर भरत गेले की प्रवाह मंदावतो, म्हणून दाबमापक लावून रोज पाहावं लागतं. आणि भरलेला फिल्टर बदलणं हेच शिशाने माखलेलं काम आहे: मुखपट्टी, हातमोजे, सीलबंद पिशवी, आणि तिची धोकादायक कचऱ्यात रीतसर विल्हेवाट. व्यावसायिक रेंजमध्ये हे करायला पगारी माणूस असतो. घरी ते कोण करणार, हे नकाशा काढतानाच लिहून ठेवावं.

खर्च कमी करायचा खरा उपाय म्हणजे तोंड लहान करणं. म्हणून अमेरिकेत काही जण चौकोनी बोगद्याऐवजी नाल्यासाठी वापरतात तसे काँक्रीटचे गोल पाइप पुरतात. सहा फूट व्यासाच्या पाइपचं तोंड अडीच चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे हवा निम्म्याहून कमी लागते. पण गोल पाइप आवाजाला बंदुकीच्या दुसऱ्या नळीसारखा वाटतो. सगळा दणका लांबीच्या दिशेने येतो-जातो.

आवाजाचा विषय आलाच आहे तर थोडं सांगतो. पिस्तुलाच्या बाराचा आवाज १५० ते १६० डेसिबलच्या घरात असतो, आणि १४० डेसिबलच्या वर एकच धक्कादेखील कानाला कायमची इजा करू शकतो. उघड्या मैदानात आवाज एकदा येऊन निघून जातो, बंद जागेत तो भिंतींवरून पुन्हा पुन्हा परततो. म्हणून आत कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. मात्र दोन्हींची क्षमता बेरजेने वाढत नाही. मफच्या वर बोळे घातले तर साधारण ५ डेसिबलच अधिक अडतात. बाहेरच्यांसाठी माती फार चांगला अडथळा आहे, आणि घराखाली रेंज करण्याचं मुख्य कारण तेच. पण मातीने अडलेला आवाज हवेच्या नळांतून बाहेर येतो. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. म्हणून नळाला वळणं आणि आतून आवाज शोषणारं अस्तर द्यावं लागतं, त्याने हवेला अडथळा होतो, मग पंखा आणखी मोठा. सगळं शेवटी त्या पंख्याशीच येऊन थांबतं.

गोळी अडवण्याबद्दल दादाला बरंच माहीत होतं, म्हणून थोडक्यात. साधं मऊ पोलाद चालत नाही, त्यात खड्डे पडतात आणि खड्ड्यातून तुकडा कुठल्याही दिशेला परततो. पाचशे ब्रिनेल कठीणतेच्या पोलादाचे पत्रे तिरपे बसवतात, म्हणजे गोळी खाली किंवा गोल कोठीत वळून थकते. वाळू स्वस्त आहे, पण एकाच जागी गोळ्या बसत गेल्या की आत शिशाचा गोळा तयार होतो आणि पुढची गोळी त्यावर आपटून उसळते. रबराच्या चुऱ्याचे ढीग गोळी अखंड ठेवतात आणि धूळ कमी करतात, पण ते पेटतात. काँक्रीटची भिंत मात्र फसवी आहे. तिला अगदी लहान कोनात लागलेली गोळी परत उसळत नाही, भिंतीला चिकटून पुढे धावते. म्हणून दिवे, पाइप, बोल्टची डोकी, काहीच उघडं पुढे राहता कामा नये. छताखाली तिरपे पोलादी पडदे आणि त्यांच्यावर प्लायवुड.

आगीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. प्रत्येक बारात थोडी दारू न जळता पुढे उडते आणि लाइनच्या पुढच्या काही फुटांत बारीक पिवळट-करड्या भुकटीसारखी साचते. महिनोन्महिने साचली की ठिणगीची वाट पाहते. भिंतीला आवाजासाठी फोम लावलेला असेल तर ती त्यातही जाऊन बसते. १४ नोव्हेंबर २००९ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात एका बंदिस्त रेंजला आग लागली आणि १५ जण गेले, त्यांतले १० जपानी पर्यटक होते. दादाच्या बोगद्याला एकच दार होतं, तेही नेमबाजाच्या मागे. आग पुढे लागली तर ते चालेल, पण हवा पुढे वाहते म्हणून धूर पुढेच राहील हे पंखा चालू असेपर्यंतच खरं. वीज गेली तर? म्हणून दुसरी वाट हवी, फोम नको, गालिचा तर अजिबात नको.

साफसफाईचा एकच नियम लक्षात ठेवावा: कोरडा झाडू कधीही मारायचा नाही. झाडू म्हणजे बसलेलं शिसं पुन्हा हवेत. ओल्या फडक्याने पुसायचं, किंवा हेपा फिल्टरवाल्या आणि ठिणगी न पडणाऱ्या व्हॅक्यूमने ओढायचं. पाणी मारून धुवायचं नाही, कारण ते पाणी मातीत जातं आणि मातीतून पुढे विहिरीला जातं. रेंजचे कपडे आणि बूट रेंजच्या दारातच सोडायचे, ते कपडे वेगळे धुवायचे. आत काही खायचं नाही, पाण्याची बाटलीदेखील न्यायची नाही. बाहेर आल्यावर हात, चेहरा आणि नाकपुड्या धुवायच्या, थंड पाण्याने आणि साबणाने. मगच मुलांना जवळ घ्यायचं. आणि वर्षातून दोनदा रक्तातलं शिसं तपासायचं, फक्त नेमबाजाचं नाही, घरातल्या प्रत्येकाचं.

परवानगीचा भाग तिथे गावागावांत वेगळा आहे. शहराच्या हद्दीत गोळी झाडण्यावर बंदी, बांधकामाची परवानगी, घरमालक संघाचे नियम, विम्याच्या अटी, हे सगळं आधी लेखी विचारावं. आपल्याकडे हा प्रश्न फार वेगळा आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्याखाली बंदुकीला परवाना लागतो आणि शूटिंग रेंज चालवायलाही परवाना लागतो. हातात पिस्तुलाचा परवाना आहे म्हणून तळघरात बार उडवता येत नाही.

पण एअर रायफल आणि एअर पिस्तूल वेगळे. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या शस्त्राला या नियमांत परवान्यातून सूट आहे. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सोडते, म्हणजे सुमारे ७.२ जूल. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ५०० जूल. आणि मुख्य म्हणजे प्राइमर नाही, दारू नाही, धूर नाही. छर्रा शिशाचा असतो, म्हणून सापळ्याजवळ धूळ पडते आणि हात धुवावेच लागतात, पण शंभर किलोवॅटचा प्रश्नच उरत नाही.

या खेळाचं घराशी नातं जुनं आहे. २००८ला बीजिंगमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राला आईवडिलांनी घरीच रेंज करून दिली होती. २०२०च्या टाळेबंदीत रेंज बंद झाल्या तेव्हा कितीतरी नेमबाजांनी घरात, गच्चीवर, बोळात सराव चालू ठेवला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही स्थितींत. ५० मीटर घरी होत नाही, त्यासाठी बालेवाडीसारखी रेंजच लागते. पण सुरुवातीची पकड, श्वास, ट्रिगरवरचं बोट हे सगळं १० मीटरवर घडवता येतं, आणि पुष्कळसं तर छर्रा न भरताच.

अशा रेंजला काय लागतं? रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, मागे उभं राहायला आणि पुढे सापळ्याला जागा धरून सुमारे १२ मीटर. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. टार्गेटवर निदान १,५०० लक्स उजेड, तोही चमक न येता, आणि नेमबाजाच्या जागी त्याहून मंद. रायफलच्या टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, उजेड कमी असला तर डोळा दमतो आणि मूल समजतं आपल्याला जमत नाही. तिरप्या पत्र्यांचा पोलादी सापळा, त्याच्यामागे जाड प्लायवुड. नेमबाज आणि टार्गेटच्या मधल्या पट्ट्यात एकही दार नको, असेल तर आतून कडी. जमिनीला साधी फरशी, ओलं पुसता येईल अशी.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने मध्येच टेप काढून तळघर मोजलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत ४२ फूट, म्हणजे १२.८ मीटर. दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. मग एक फोटो आला: पांढरी भिंत, तिच्यावर पेन्सिलने आखलेली एक आडवी रेघ आणि शेजारी मुलीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘१४० सेंमी’.